पडद्यावरचा वर्ग

पनवेलच्या जुन्या वस्तीतील कौलारू घरांवर एके काळी अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांच्या अँटेना उभ्या असत आणि त्या सर्वांचे तोंड एकाच दिशेला, पश्चिमेला असे. पश्चिमेला खाडी, खाडीपलीकडे मुंबई आणि मुंबईत वरळीचा मनोरा. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक स्वरूपात चित्रवाणीचा आरंभ झाला होता. त्यानंतर तेरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन सुरू झाले. देशातील हे दुसरे केंद्र. वरळी ते पनवेल हे अंतर पाखराच्या वाटेने तीसेक किलोमीटर. मुंबईची लोकलगाडी पनवेलला पोहोचायला १९९८ साल उजाडले; मुंबईची चित्रे मात्र त्याच्या पाव शतक आधीच आमच्या ओटीवर येऊन बसली होती.

माझा जन्म आणि मुंबई दूरदर्शनचा जन्म एकाच वर्षीचा. त्यामुळे त्या पेटीविषयी मला पाठच्या भावंडासारखी माया वाटते. लाकडी पेटी, तिला दोन्ही बाजूंनी सरकणारे दार, त्याला कुलूप आणि कुलपाची किल्ली वडिलांच्या कमरेला. पडद्यावर मुंग्या आल्या की भाऊ कौलांवर चढे, अँटेना फिरवी आणि खालून आम्ही "आलं, आलं, गेलं!" असा गजर करीत असू. पेटी घरात ठेवायची तर पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. तो परवाना पुढे १९८०च्या दशकात रद्द झाला. आजारपणामुळे घरात खिळलेल्या असिसीच्या संत क्लारेला नाताळची मिस्सा भिंतीवर दिसली, म्हणून पोप बारावे पायस यांनी १९५८ साली तिला चित्रवाणीची आश्रयदाती ठरविले, ही गोष्ट आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गात कळली. त्यानंतर आजीने पेटीवर भरतकाम केलेला रुमाल अंथरला. पेटीला घरात मान मिळाला तो असा.

त्या पेटीतून आम्हांला हसूही मिळाले. ते कोठून आले, कोणाच्या खर्चाने आले आणि त्याचे मोल आमच्या घराने कसे चुकते केले, याचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

पहिले हसू आपल्याच मातीतले होते. 'गजरा'तील नाटुकली आम्ही पाठ करीत असू. १९७०च्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते असे उभे केले की, पुस्तकातील चित्रे चालू लागल्यासारखे वाटे. चिमणरावांच्या कथांचे एक वैशिष्ट्य माझ्या ध्यानात फार उशिरा आले. चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतात. हसणारा आणि ज्याला हसायचे तो, दोघेही एकच. म्हणून त्या हसण्यात कोणाला काटा टोचत नाही.

दुसरे हसू साता समुद्रांपलीकडून आले. आपल्या चित्रवाणीचे इंग्लंडशी नाते तसे जन्मापासूनचे आहे. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना बीबीसीकडे चित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेले. त्या प्रवासातून मराठीला 'अपूर्वाई' हे पुस्तक मिळाले आणि दिल्लीच्या नवजात चित्रवाणीला एक जाणता निर्माता मिळाला. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ब्रिटिश विनोदी मालिका दिसू लागल्या, तेव्हा मात्र आमच्या घरात त्या कोणी नीटशा समजून घेऊन पाहत होते असे नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारी आम्ही मुले आधी हसायचो आणि आमच्याकडे पाहून मोठी माणसे हसायची.

त्यांतली आमची सर्वांत लाडकी मालिका 'माइंड युअर लँग्वेज'. लंडनमधील रात्रशाळेचा एक वर्ग. बॅरी इव्हान्स यांनी रंगविलेला ब्राउन नावाचा सौम्य, भिडस्त मास्तर. समोर बाकांवर इटली, स्पेन, जर्मनी, फ्रान्स, ग्रीस, जपान, चीन, पाकिस्तान आणि भारत येथून आलेली प्रौढ माणसे. कोणी आचारी, कोणी मोलकरीण, कोणी नोकरीच्या शोधात. सर्वांना इंग्रजी शिकायचे आहे आणि कोणालाही ते येत नाही. एक शब्द ऐकायचा, दुसराच समजायचा आणि तिसऱ्याच अर्थाने उत्तर द्यायचे, एवढ्यावर अर्धा तास निघून जाई. विणकाम करीत बसलेली, साडी नेसलेली जमीला ही आम्हांला शेजारच्या घरातलीच वाटायची.

तिच्या ओळखीचे वाटण्याला आणखी एक कारण होते. तो वर्ग आम्ही दर रविवारी पाहत होतो. पनवेल हे पूर्वापार वाटेवरचे गाव. येथून एक रस्ता घाट चढून पुण्याला जातो, दुसरा कोकणातून गोव्याला. रसायनीचे कारखाने आणि पुढे नवी मुंबई यांमुळे कोठकोठची माणसे येथे येऊन राहिली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात गोव्याची कोकणी, मंगळूरची कोकणी, मल्याळम, तमिळ, वसईकडच्या बोली आणि आगरी वळणाची मराठी यांचा एकच कल्लोळ उठे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषांत आली, तेव्हा येथे कोणती भाषा 'लोकभाषा' मानायची हा प्रश्नच होता. लॅटिन होती तोपर्यंत सगळेच सारखे अडाणी होते. मराठी आली आणि काही जण पहिल्या बाकावर, काही जण शेवटच्या बाकावर गेले.

आमच्याच गावात याहून जुना एक वर्ग होऊन गेला होता. पनवेलला बेने इस्रायलांची मोठी वस्ती होती; १८४९ साली उभारलेले त्यांचे बेथ एल सभागृह आजही तेथे आहे. इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोललेल्या प्रौढ माणसांना तेथे बाकावर बसून हिब्रू गिरवावी लागली. तिकडून पुढे मराठीत 'मायबोली' नावाचे नियतकालिक निघाले. नवी भाषा शिकणाऱ्याच्या मनात जुनी भाषा कशी जिवंत राहते, याची याहून बोलकी साक्ष मला ठाऊक नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. वडील कारखान्यात कामाला लागले आणि आजोबांच्या मागे आजी वसईहून आमच्याकडे राहायला आली. तिची बोली कादोडी. वसईच्या कुपारी ख्रिस्ती लोकांची आणि तेथील सामवेदी ब्राह्मणांची ही बोली. आजी तिच्यातच प्रार्थना पुटपुटे, तिच्यातच रागावे, तिच्यातच कोंबड्यांना हाकी. आम्हां मुलांना ती सगळी समजत असे. बोलता मात्र येत नसे, कारण शाळेत इंग्रजी होती आणि अंगणात पनवेलची मराठी.

मालिका पाहून आम्ही 'वर्ग वर्ग' खेळू लागलो. भाऊ मास्तर आणि मी एकामागून एक सगळे विद्यार्थी. इटालियन आचाऱ्याची नक्कल करून हशा मिळे, जपानी गृहस्थाची करून मिळे. एकदा नाताळच्या सुट्टीत मुंबईचे पाहुणे आले होते. मोठ्यांनी आग्रह केला आणि मला नवे काहीतरी करून दाखवायचे होते. मी डोक्यावरून पदर घेतला आणि आजी वाण्याच्या दुकानात जाऊन मराठीत साखर कशी मागते, ते करून दाखविले. पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली. आजीही हसली. मला वाटले, सर्वांत मोठी दाद तिचीच.

त्यानंतर पाहुण्यांसमोर आजी पुस्तकी मराठीत, एकेक शब्द तपासून बोलू लागली. मग थोडेच बोलू लागली. मग पाहुणे आले की ती मागच्या पडवीत जाऊन तांदूळ निवडीत बसे. "मला काम आहे गं," एवढेच म्हणे. हा बदल कोणी घडविला हे मला त्या वेळी कळले नाही. कळले तेव्हा ती गेली होती.

पुढे मोठेपणी मी या मालिकेचा इतिहास धुंडाळला आणि लक्षात आले की, आमच्या पडवीतला प्रश्न लंडनमध्येही विचारला गेला होता. विन्स पॉवेल यांनी लिहिलेली ही मालिका लंडन वीकेंड टेलिव्हिजनने १९७७ ते १९७९ या काळात दाखविली. प्रेक्षक भरपूर होते. तरीही कंपनीतील एक अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली. परदेशी माणसांचे असे ठराविक साचे रंगविणे त्यांना अपमानकारक वाटले. पुढे १९८६ साली ती काही काळ पुन्हा निघाली. गंमत अशी की, जे विद्यार्थी आम्हांला आपले वाटत त्यांच्या भूमिका करणारी माणसे खरोखरच आपल्या भूमीतली होती. जमीला झालेल्या जमीला मॅसी यांचा जन्म सिमल्याचा, पाकिस्तानी अली नदीम झालेले डिनो शफीक ढाक्याचे आणि पंजाबी रणजीतसिंग झालेले अल्बर्ट मोझेस सिलोनचे. ब्रिटनच्या चित्रवाणीवर आशियाई कलावंताला दुसरे काम मिळणे त्या काळी दुर्मिळ. जे दार उघडे होते ते नकलेचे. त्यांनीही बहुधा आजीसारखेच आधी हसून घेतले असेल.

याच शोधात मला एक असा माणूस भेटला की, ज्याने माझा सगळा हिशेब उलटापालटा केला. ब्रिटनमधील तिरपागड्या, तर्काला उलटे टांगणाऱ्या विनोदाचा उगम कोठे, असे विचारले तर जाणकार एक नाव सांगतात: स्पाइक मिलिगन. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन हे त्याचे खरे नाव. त्याचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी झाला तो लंडनमध्ये नव्हे, डब्लिनमध्येही नव्हे, तर आपल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात. बाप आयरिश, ब्रिटिश हिंदी सैन्यात नोकरीला, आई इंग्रज. घराणे कॅथलिक. पोराचे बालपण पुण्याच्या लष्करी वस्तीत गेले आणि शाळा होती जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट. पुढे बापाची बदली रंगूनला झाली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हे कुटुंब इंग्लंडला गेले, तेव्हा तो पंधरा वर्षांचाही नसावा. उन्हातला देश सोडून धुक्यातल्या देशात आलेला हा मुलगा कागदोपत्री इंग्रजांचा, रक्ताने आयरिश आणि आठवणींनी पुणेकर होता.

दुसऱ्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. १९४४ साली इटलीतील मॉन्टे कॅसिनोच्या लढाईत जखमी झाला आणि त्या धक्क्यातून त्याचे मन कधीच पूर्ण सावरले नाही. आयुष्यभर त्याला नैराश्याचे झटके येत राहिले. अशा माणसाने २८ मे १९५१ पासून बीबीसीच्या नभोवाणीवर पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि मायकेल बेंटीन यांच्यासह 'द गून शो' सुरू केला. जानेवारी १९६० पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमाने इंग्रजी विनोदाची घडी मोडली. सेनापती मूर्ख, शास्त्रज्ञ भोंदू, तर्क पायापासून उखडलेला. यात लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रेही होती. मुंबईकर पारशाचे आडनाव लंडनच्या श्रोत्यांना हसवीत होते. मार्च १९६९ मध्ये मिलिगनने 'क्यू फाइव्ह' ही चित्रवाणी मालिका केली. प्रहसनाला शेवट द्यायचाच नाही, पात्रांनी मध्येच थांबायचे आणि आता काय करायचे असे एकमेकांना विचारायचे, ही तिची तऱ्हा. त्याच वर्षी ऑक्टोबरात 'माँटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' सुरू झाली. तिच्या कर्त्यांनी मिलिगनचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे.

हे वाचून मला आनंद झाला. पुण्याहून मुंबईकडे उतरणारा जुना रस्ता पनवेलवरून जातो. लंडनचे म्हणून आम्ही ज्या हसण्याला टाळ्या दिल्या, त्याच्या उगमाशी आपल्याच घाटावरचे ऊन होते.

परंतु इतिहास आनंद देऊन थांबत नाही. त्याच १९६९ च्या अखेरीस जॉनी स्पाइट यांनी लिहिलेल्या 'करी अँड चिप्स' या मालिकेत मिलिगनने तोंडाला काळपट रंग फासून आयरिश बापाच्या पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. सहा भागांनंतर तेथील नियामक संस्थेने ती थांबविली. मालिकेचा हेतू वर्णद्वेषी गोऱ्या कामगारांना हसण्याचा होता, असे तिच्या बाजूने सांगितले जाते. हेतू खरा असेल. माझाही हेतू वाईट नव्हता. ज्याने पुण्याच्या गल्ल्यांत बालपण काढले त्यानेच त्या गल्ल्यांचा उच्चार विकून हशा मिळवावा, यात मला डोक्यावरून पदर घेतलेली एक मुलगी दिसते. माणूस परक्याची नक्कल करतो तेव्हा बहुधा चुकून करतो. आपल्या माणसाची अचूक करतो, म्हणून ती खोल लागते.

तोच मिलिगन १९६०च्या दशकात दुसऱ्या बाजूच्या बाकावरही बसला होता. ब्रिटनचे कायदे बदलले आणि भारतात जन्मलेल्या, आयरिश बापाच्या या माणसाचा ब्रिटिश पासपोर्टवरील हक्क वादाचा झाला. ज्या देशासाठी तो लढला त्या देशाने त्याला तू आमचा कसा, असे विचारले. त्याने आयरिश नागरिकत्व घेतले.

याच काळात इंग्रजी विनोदाने दुसरी एक वाट धरली, तिचाही उल्लेख करायला हवा. 'येस मिनिस्टर' १९८० पासून बीबीसीवर आली आणि पुढे आमच्या दूरदर्शनवरही. वडिलांना इंग्रजी बेताचीच येत असे, पण ही मालिका ते चुकवीत नसत. तिच्यातील सचिव सर हम्फ्री यांचे इंग्रजी निर्दोष; वाक्य इतके लांब आणि डौलदार की, ते संपेपर्यंत मंत्री आपला प्रश्न विसरून जाई. भाषा-वर्गातील माणसांची भाषा मोडकी होती, पण त्यांना काहीतरी सांगायचे होते. सर हम्फ्रींची भाषा अखंड होती आणि काहीही न सांगणे हेच तिचे काम होते. मोडक्या भाषेला हसायचे की पोकळ भाषेला, हे मालिका पाहतानाच कळायला हवे होते. वडिलांना कळले असावे. कारखान्याच्या कचेरीत पाहिलेली माणसे ते पडद्यावर ओळखत आणि मोठ्याने हसत.

आपल्या मराठी रंगभूमीने तर हा धडा आधीच दिला होता. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी केलेले 'ती फुलराणी' १९७५ साली रंगभूमीवर आले. तेथेही मास्तर आहे, अशुद्ध बोलणारी शिष्या आहे आणि तिच्या बोलण्याला प्रेक्षक हसतात. पण भक्ती बर्वे यांची मंजुळा उलटून उभी राहते, मास्तरला त्याच्या तोंडावर आव्हान देते आणि प्रेक्षकांच्या टाळ्या बाजू बदलतात. ज्याला हसले गेले त्याला बोलू दिले, एवढाच फरक. आमच्या खेळात आजीला संवाद नव्हता.

पुढे ही वाट रुंद झाली. १९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'जबान संभालके' आली. तोच वर्ग, पण आता पंकज कपूर हिंदी शिकवीत होते आणि बाकावर विजू खोटे यांचा मराठी गृहस्थ बसला होता. आपल्या हिंदीला आपणच हसलो, शेजारी तमिळ हसला, गुजराती हसला. सगळेच विद्यार्थी झाले. ब्रिटनमध्ये तेथेच वाढलेल्या भारतीय मुलांनी १९९८ मध्ये बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आणले. मुंबईतील काही मंडळी 'इंग्लिश खायला' जातात, वेटरच्या इंग्रजी नावाची वाट लावतात आणि सर्वांत सपक पदार्थ मागवतात, हे त्यांचे प्रहसन गाजले. आरसा उलटा धरला होता आणि इंग्रजही त्यात पाहून हसले. मालिकेचे नावही त्यांनी परत जिंकून घेतले होते: पीटर सेलर्सने हिंदी डॉक्टरची नक्कल करीत १९६० साली गाजविलेल्या गाण्याचे ते नाव.

स्पाइक मिलिगन २७ फेब्रुवारी २००२ रोजी वारला. आपल्या थडग्यावर, 'मी आजारी आहे असे तुम्हांला सांगितले होते ना', असे लिहावे अशी त्याची इच्छा. इंग्लंडमधील विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. पण असला चेष्टेचा मजकूर दफनभूमीत इंग्रजीत कोरायला तेथील धर्मप्रांताची संमती मिळेना. अखेर तडजोड झाली. तेच वाक्य आयरिश भाषेत कोरले गेले. ये-जा करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येत नाही. ज्यांना येते त्यांना मात्र तो पूर्वजांच्या भाषेतून हसवतो.

ही हकीकत वाचली त्या दिवशी मला आजीची पडवी आठवली. तांदूळ निवडताना ती कोंबड्यांशी, मांजराशी आणि कधी कधी बंद पेटीशीही कादोडीत बोले आणि स्वतःशीच हसे. पेटीच्या सरकत्या दाराकडे पाहून तिने एकदा काहीतरी म्हटले आणि आई हसून हसून खाली बसली. मी विचारले तर आई म्हणाली, "मराठीत सांगितलं तर त्यात काही नाही राहणार." आमच्या घरातला खरा विनोद त्या पडवीत चालला होता आणि आम्ही सगळे ओटीवर लंडनकडे तोंड करून बसलो होतो.

आता पनवेलच्या कौलांवर अँटेना नाहीत, कौलेही फारशी उरलेली नाहीत. जुने वाडे जाऊन इमारती आल्या, २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. चर्चच्या आवारातला वर्ग मात्र अजून भरतो. बाकांवर नवी माणसे, नवे उच्चार. मागे एका रविवारी एक आजीबाई मराठीत काही विचारताना अडखळल्या आणि त्यांची नात फिसकन हसली. मी त्या मुलीला काही बोलले नाही. त्या आजीबाईंना एवढेच म्हटले, "तुमच्या बोलीत सांगा ना, मला थोडी थोडी समजते."

त्या सांगू लागल्या. सगळे काही मला समजले नाही. नात मात्र कान देऊन ऐकत उभी राहिली.